तीन पाण्यांची मिरची

नागपूरच्या विमानतळावर निरोप देताना लोक तब्येतीला जप म्हणतात, पोचल्यावर फोन कर म्हणतात. आमच्या ह्यांनी मला ड्यूटी लावून दिली.

"मी सात वाजता जेवाले बसतो," ते म्हणाले. "तवा तिकडे सकाळ राहते. त्या टायमाले फोन करजो अन् आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते सबन सांगजो. भाजी होती, छान होती, असं दोन शब्दांत निपटवू नको."

"अन् तुम्ही काय कराल?"

"आयकत आयकत जेवीन."

ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. जठराचा एक भाग काढला होता. तिखट बंद, फोडणी बंद. मुगाची खिचडी, दुधी आणि ताक. माणूस वाचला, पण त्याचं जेवण गेलं. ताटावर बसायचे, चार घास चिवडायचे आणि हात धुवायचे. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते. डॉक्टर म्हणायचे, जखम भरली आहे, आता ह्यांना खायला लावा, नाहीतर अशक्तपणा जाणार नाही. त्यांनी कुरकुर केली असती तर मी भांडले तरी असते. पण हा माणूस कुरकुर करणाऱ्यातला नाही. मग मी समोर बसून त्यांचा एकेक घास बघत राहायची आणि तेच त्यांना सोसेना. मुलीकडे पेरूला जायचं माझं तिकीट त्यांनीच काढायला लावलं. सोबतीला नणंद, आमच्या शकूताई, नरखेडहून येऊन राहिल्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी भिवापूरची. आमच्याकडे अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असत आणि आम्ही पोरं त्यांच्या कडेकडेनं खेळायचो. हे नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बागेतले. त्यांच्या घरी वरणात गूळ पडायचा. लग्न होऊन कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत आलो आणि मी सड्याफटिंग पोरांना डबे द्यायला लागले. बावीस वर्षं दिले. माझा रस्सा खाऊन समोरच्याच्या कपाळावर घाम आला नाही तर तो रस्सा मी नापास धरायची. ह्यांच्या कपाळावर रोज यायचा. ह्यांच्या दुखण्याचा तिखटाशी संबंध नाही असं डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली आणि मनात म्हटलं, नाही कसा?

असं हे गाठोडं घेऊन मी निघाले. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून युरोप, तिथून लिमा. पाय सुजून पावासारखे झाले.

लिमाच्या विमानतळावर पहिला दणका बसला. बॅगेत मी वाळलेल्या भिवापुरी मिरचीची पिशवी ठेवली होती. फॉर्मवर खरं तेच लिहिलं होतं. हातमोजे घातलेल्या एका तरुण पोरीनं पिशवी उघडली, एक मिरची मोडली आणि आतल्या बिया मला दाखवल्या. बिया देशात आणता येत नाहीत, असा नियम. पिशवी गेली. ज्या मुलखातून मिरची समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, त्या मुलखाच्या दारात माझी मिरची अडवली. संत्रा बर्फीचे डबे मात्र तिनं जाऊ दिले.

बाहेर माझी मुलगी ऋचा उभी होती. जावई तिकडे तांब्याच्या खाणीत इंजिनियर आहेत आणि दोघं अरेकिपा नावाच्या गावी राहतात. मला घ्यायला ती लिमाला आली होती. मी आधी पिशवीची तक्रार केली, मग तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, तू मिरच्यांसाठी रडून राहिली की मला पाहून?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्या दिवशी जेवायला तिनं मला एका साध्या खाणावळीत नेलं. थाळीत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि वरून हळदीपेक्षा पिवळी दाट चटणी. ऋचा म्हणाली, ही आही अमारीयो (पिवळी मिरची). आही म्हणजे त्यांच्याकडे मिरची. चीज, दूध आणि मिरची, बाकी फारसं काही नाही. मी बेतानं बोट लावून चाखलं. वास मिरचीचा, अगदी पुरता. जिभेवर फळासारखा गोडसर, थोडा धुरकट स्वाद. मी तिखट लागायची वाट बघत बसले. ते आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर मी ही तक्रार ह्यांना सांगितली. समोर त्यांचं ताट दिसत होतं, खिचडीवर तुपाचा ठिपका.

"म्हणजे मिरचीची चव लागते, पण जाळत नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही जाळत. त्यात काय राम आहे?"

त्यांनी खिचडीचा एक घास घेतला. "असं राहते?" म्हणाले. मग म्हणाले, "मले तर बराबर वाटते." मी ते कानावर घेतलं आणि सोडून दिलं. मिरचीबद्दल संत्र्यावाल्यांनी मला शिकवायचं नाही, असा माझा तोरा होता.

अरेकिपा उंचावर आहे. विमानातून उतरून चार पायऱ्या चढले तर धाप लागली. गाव पांढऱ्या दगडाचं. जवळच्या ज्वालामुखीच्या राखेतून झालेला दगड आहे म्हणे तो, हलका आणि मऊ. राखेचं आम्हा कोराडीवाल्यांना कौतुक नाही, वीज केंद्राच्या चिमण्यांतून आमच्या गच्चीवर ती बरसायची. पण त्या राखेची घरं बांधून लोक राहतात आणि ती उन्हात इतकी देखणी दिसतात, हे बघून मी दोन मिनिटं रस्त्यातच उभी राहिले. मागे मिस्ती नावाचा डोंगर, टोकाला थोडं बर्फ.

तिथल्या मोठ्या मंडईत मी माझी शोभा करून घेतली. मिरच्यांच्या राशी होत्या. पिवळ्या, काळपट लाल वाळलेल्या, आणि एका बाजूला टोमॅटोएवढ्या गोल, चकचकीत लाल. ऋचा भाव विचारत होती. मी त्यातली एक उचलली. ढोबळी मिरचीची धाकटी बहीण असेल असं धरून तिला कचकन चावा घेतला. ती रोकोतो (तिथली गोल, काळ्या बियांची मिरची) निघाली. पुढचा काही वेळ मला नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोळ्यांतून धारा, उचक्या, आणि कानात शिट्टी. टोपी घातलेल्या विक्रेतीनं घाईनं शेजारच्या दुकानातून ताज्या चीजची जाड चकती आणून माझ्या तोंडात कोंबली. पैसे घेतले नाहीत. कोण कुठली बाई, पण आईनं पोराच्या तोंडात घास घालावा तसा तिनं घातला. भिवापूरच्या लेकीची अब्रू गेली, जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर हे ऐकून आमचे हे इतके हसले की शकूताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हिले मिरची लागली वं शकू, हिले," ते म्हणत होते. हसता हसता खिचडीची वाटी रिकामी झाली. चौदा महिन्यांत वाटीचा तळ मी पहिल्यांदा बघितला. फोन ठेवताना ते म्हणाले, "तुह्या बोलण्याले तोंडी लावून जेवलो आज."

मग मी चंगच बांधला. रोज नवं काही खायचं आणि रोज सांगायचं.

ऋचाच्या घराखाली एल्विराबाईंची पिकांतेरिया होती (पिकांतेरिया म्हणजे दुपारपुरती उघडी असणारी, पिढीजात बायकांनी चालवलेली खाणावळ). साठीच्या, ठेंगण्या, पांढरा एप्रन, हाताला बारा महिने मिरचीचा लाल रंग. मी बर्फीचा डबा घेऊन खाली गेले आणि मागच्या अंगणात त्यांचा बातान दिसला. बातान म्हणजे त्यांचा पाटा. फक्त वरवंटा अर्धचंद्रासारखा आणि चांगलाच वजनदार, तो दोन्ही हातांनी डोलवायचा. मी पदर खोचला आणि वाटायला बसले. एल्विराबाईंनी क्षणभर माझ्या हाताकडे पाहिलं आणि एक स्टूल माझ्यासाठी पुढे सरकवलं. त्यानंतर रोज सकाळी मी खाली. भाषा मला चार शब्द, त्यांना माझे शून्य. अडलं की ऋचाला हाक मारायची.

त्यांच्याकडे पहिलं काम मिरचीचं. रस्सा असो, भात असो, बटाटा असो, आधी मिरचीचं वाटण तेलात मंद परतायचं. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याचं जे स्थान, ते तिथं मिरचीचं. पण त्याआधी त्या जे करायच्या ते बघून माझा जीव तीळ तीळ तुटायचा. मिरची उभी चिरायची. बिया झटकायच्या. मग एका चमच्यानं आतल्या पांढऱ्या शिरा खरवडून काढायच्या. मग पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. दुसरं पाणी, तेही ओतायचं. तिसरं, तेही. लालभडक पाणी मोरीत जाताना मी ऋचाला हळूच म्हटलं, "ह्या बाया मिरचीची राख करून राहिल्या."

रविवार आला. रविवारी भरलेला रोकोतो असतो. आत शेंगदाणे, ऑलिव्ह आणि खिम्याचं सारण, वर चीजचं झाकण, आणि भट्टीत भाजायचा. आम्हा मायलेकींसाठी खिम्याऐवजी बटाट्याचं सारण होतं. त्या दिवशी गिऱ्हाइकं जास्त होती आणि एल्विराबाईंचे नव्वदीला टेकलेले वडील, सिमोन आजोबा, जेवायला येणार होते. एक पातेलं त्यांनी माझ्या हवाली केलं. ऋचाकडून नीट सांगवलं, "तीन पाणी. पहिल्यात मीठ, पुढच्या दोन्हींत साखर. एकही चुकवायचं नाही." ऋचानं सांगितलं, मला कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी एकच पाणी बदललं.

मनात म्हटलं, ह्या लोकांना बिचाऱ्यांना मिरची कशाशी खातात माहीत नाही. एकदा चांगली लागली की बघा कशी माझी आठवण काढतील. शिरासुद्धा मी अर्ध्याच काढल्या. डबे देणाऱ्या बाईचा माज, दुसरं काय.

माझ्या पातेल्यातला पहिला रोकोतो सिमोन आजोबांच्या थाळीत गेला. मीच नेऊन ठेवला, हौसेनं. शेजारच्या खुर्चीवर ऋचा होती. आजोबांनी काट्यानं तुकडा तोडला, तोंडात घातला आणि थांबले. चेहरा लाल झाला. त्यांनी चिचाचा (काळ्या मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा) एक मोठा घोट घेतला. मला वाटलं आता थाळी सरकवतील. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि दुसरा तुकडा तोडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घामाचे थेंब. रुमालानं पुसायचे आणि पुढचा घास घ्यायचे. एक कणही सोडला नाही. शेवटी हात छातीवर ठेवून मला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

ऋचा माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाले, फार छान झालं. इतक्या लांबून येऊन माझ्यासाठी केलं."

ते घामेजलेलं कपाळ आणि ते "फार छान झालं" हे शब्द मी तीस वर्षं रोज बघितला-ऐकला होता. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ताटावर. आणि दर वेळी मी तो घाम माझं मेडल म्हणून घेतला होता.

एल्विराबाईंनी माझं पातेलं आणि मोरीजवळ उरलेलं पाणी बघितलं आणि ओळखायचं ते ओळखलं. त्यांनी माझे उरलेले रोकोतो बाजूला काढले. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांना अर्धा तास लागेल म्हणून सांगितलं. मी तिथं अपराध्यासारखी उभी. शब्दानंही त्या मला लागेल असं बोलल्या नाहीत. एक रोकोतो चिरला, शिरेचा बारीकसा कण सुरीच्या टोकानं माझ्या जिभेवर ठेवला. जाळ. चीज दिलं. मग तीन पाण्यांतून काढलेला गर दिला. मी डोळे मिटून चावला. गोड, फुलासारखा वासाचा, दाट, आणि शेवटी अगदी थोडी ऊब.

त्या बोलल्या ते ऋचानं सांगितलं. "आग शिरेत असते. चव गरात असते. पाहुण्याला चव वाढायची. आग ज्याला हवी असेल त्याच्यासाठी वाटीत वेगळी ठेवायची, तो आपल्या हातानं घेईल."

मी तिथंच स्टुलावर बसून रडले. एल्विराबाईंना वाटलं मिरची झोंबली. ऋचानं त्यांना ह्यांच्याबद्दल सगळं सांगितलं, ऑपरेशन, खिचडी, चौदा महिने. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातात चमचा दिला आणि पाटीभर मिरच्या पुढ्यात ठेवल्या. मी खरवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी आधी घडलं ते सांगितलं. मग विचारलं, "खरं सांगा. माझ्या हातचं तिखट तुम्हाला जास्त व्हायचं का?"

ते खिचडीत चमचा फिरवत राहिले. "जास्त तर होयेच," ते म्हणाले. "नरखेडच्या पोराले किती सोसन?"

"मग तीस वर्षं बोलला काहून नाही?"

"तू ताटावर बसून माह्या कपाळाकडे पाहे ना वं. घाम आला की तुह्या चेहऱ्यावर असं काही ये... म्या म्हटलं, येऊ दे घाम." मग म्हणाले, "पण चव मस्त राहे. आता जळजळ गेली त्याचं काही नाई. चव गेली, तिची याद येते."

त्यांनी पुढचा चमचा भरला आणि म्हणाले, "आता सांग, काल दुपारी काय खाल्लं?"

राहिलेले तीन आठवडे मी त्या अंगणात विद्यार्थिनी होते. पिवळी, काळपट लाल, वाळलेली, ताजी, प्रत्येकीचं पाणी वेगळं, प्रत्येकीला वेळ वेगळा. पाणी फेकायचं केव्हा हे त्याचा वास घेऊन ठरवायचं. वाटण तेलात टाकलं की घाई करायची नाही, कडेनं तेल सुटेस्तोवर उभं राहायचं. पुढच्या रविवारी सिमोन आजोबांना मी तीन पाण्यांचा रोकोतो वाढला. त्यांनी तो मजेत, गप्पा मारत खाल्ला आणि रुमाल खिशातून काढलाच नाही. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

निघायच्या दिवशी एल्विराबाई बियांची पुडी घेऊन आल्या. मी हात जोडले. विमानतळावरची पोर घेऊन जाईल म्हटलं, आणि आमच्याकडे मिरचीला तोटा नाही. त्या हसल्या आणि एप्रनच्या खिशातून खरवडायचा चमचा काढून दिला. त्यांच्या आईचा होता. एका बाजूनं कड झिजून धारदार झालेली. परतीच्या सगळ्या प्रवासात तो माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत होता. गेले तेव्हा मला वाटत होतं की जगाला मिरची मी शिकवीन. एका अनोळखी बाईनं तिची भरली खाणावळ अर्धा तास थांबवून मला शिकवलं. हे उपकार मी कुठे फेडणार, तेव्हा ते तसेच राहू देते.

नागपूरला उतरल्यावर आधी डॉक्टरांना गाठलं. चमचासुद्धा दाखवला. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, बिया-शिरा सगळ्या काढून, अगदी थोडं, करून बघा. त्रास झाला तर लगेच बंद.

घरी बरणीतून भिवापुरी मिरची काढली. चिरली, झटकली, एल्विराबाईंच्या आईच्या चमच्यानं शिरा खरवडल्या. पहिलं पाणी ओतलं तशा शकूताई म्हणाल्या, "सबन लाल पानी तर नालीत चाललं वहिनी. राहीन काय तिच्यात?"

"गर राहीन," मी म्हटलं आणि दुसरं पाणी चढवलं.

पाट्यावर वाटलं, मंद आचेवर परतलं, पाटवडीचा रस्सा केला. ह्यांना सगळ्यात आवडणारा. ताट वाढलं आणि ह्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या समोर बसले नाही. शेजारी बसले, माझंही ताट घेऊन. शकूताईंसाठी मूळचं तिखट वाटीत वेगळं ठेवलं होतं.

त्यांनी रस्सा हुंगला. पोळीचा तुकडा बुडवून खाल्ला. दुसरा तुकडा, तिसरा. सवयीनं माझी नजर कपाळाकडे गेली. कोरडं होतं.

"वाढ अजून," ते म्हणाले.

मी वाढत होते तोच फोन वाजला. सात वाजले होते. तिकडे सकाळ, ऋचा रोजच्या वेळेवर. "आई, आज काय जेवण?" तिनं विचारलं. ह्यांनी डाव्या हातानं फोन माझ्याकडून घेतला.

"आईले काय विचारतेस, मले विचार," ते म्हणाले. "आयक. रस्सा हाय पाटवडीचा. लाल हाय, पण जाळत नाई. पहिले कांद्याचा वास येते, मंग मिरचीचा, आपल्या भिवापूरच्या मिरचीचा, मी ओळखला ना बरोबर. अन् पाटवडी अशी मऊ..." ऑपरेशननंतर सगळं मिळून बोलले नव्हते इतकं ते बोलत सुटले. मध्येच घास घ्यायचे आणि पुन्हा सुरू. मी मला रस्सा वाढून घ्यायला विसरले. ते ऐकत ऐकत पोळी तशीच कोरडी खाल्ली, आणि मला काही कमी पडलं नाही.